तहानलेली भांडी: जपानी 'कोहिकी' निवडण्यापासून डाग काढण्यापर्यंत

माझा पहिला कोहिकी वाडगा पहिल्याच जेवणात बिघडला. तोक्योहून कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून, हातातल्या पिशवीतून जपून आणलेला. घरी आल्यावर नळाखाली विसळला, फडक्याने पुसला आणि त्यात गरम वरण ओतलं. जेवण आटपायला अर्धा तास लागला असेल. वाडगा रिकामा झाल्यावर पाहते तो काठाखाली बोटभर अंतरावर पिवळी रेघ, पूर ओसरल्यावर भिंतीवर राहते तशी. घाबरून खाण्याचा सोडा चोळला, तर रेघ लाल झाली.

सोड्याने हळद लाल होणारच. हळदीवर चुन्याचा संस्कार करूनच तर आपल्याकडे कुंकू करत आले आहेत. पण त्या घाईत हे सुचलं नाही. पुढे कळलं की भांडं वाईट नव्हतं, वरणही वाईट नव्हतं, माझा क्रम चुकला होता. कोहिकी हे तहानलेलं भांडं आहे. त्याच्या पोटात पहिल्यांदा जे जाईल ते तिथेच मुक्काम करतं. म्हणून आपल्याला चालेल ते त्याला आधी पाजायचं आणि जेवण नंतर वाढायचं. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीतून निघतं.

आत काय दडलंय

'को' म्हणजे पीठ. पिठी भुरभुरवल्यासारखं दिसणारं म्हणून कोहिकी. याचंच दुसरं नाव कोफुकी. दिसायला पांढरं असलं तरी ते चिनीमातीचं भांडं नव्हे. त्याचं अंग लोहयुक्त, काळपट किंवा तांबूस मातीचं असतं. त्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप, आणि त्यावर पारदर्शक झिलई. या लेपाला जपानी कुंभार 'केशोत्सुची' म्हणतात, शब्दशः शृंगाराची माती.

ही कल्पना मूळची कोरियाची. जोसन राजवटीत, पंधराव्या-सोळाव्या शतकांत, तिथे करड्या मातीच्या भांड्यांना पांढरा लेप देत. दरबारात शुभ्र पोर्सेलिनचा मान होता. साध्या मातीला तो रंग देण्याचा हा सोपा मार्ग. अख्खं भांडं लेपात बुडवण्याच्या पद्धतीला कोरियन भाषेत 'दोम्बोंग' म्हणतात. पाण्यात काहीतरी पडल्याचा तो आवाज. आपल्याकडे डुबुकवड्यांना नाव पडलं ते असंच. जपानी चहापंथीयांना, म्हणजे चहापानाचा विधी जोपासणाऱ्यांना, हे वाडगे इतके आवडले की सरदारांमध्ये ते मानाची वस्तू ठरले. त्यातला 'मियोशी कोहिकी' आज तोक्योच्या मित्सुई स्मारक संग्रहालयात आहे. त्याच्या अंगावर एका जागी झिलई लागायची राहून गेली आणि पात्याच्या आकाराचा करडा पट्टा उघडा पडला. रसिक नेमका तोच पट्टा बघायला जातात.

पुढे १५९२ ते १५९८ या काळात तोयोतोमी हिदेयोशीने कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या. परतताना जपानी सरदारांनी कोरियन कुंभारांना धरून नेलं. क्यूशू बेटावर आणि हागीला त्यांनी भट्ट्या लावल्या. त्या स्वाऱ्यांना जपानमध्ये 'भांड्यांची लढाई' असंही म्हणतात. लेपाच्या या कलेची मुळं अशी रक्तातली आहेत, आणि संग्रहालयातल्या पाट्यांवर त्याची वाच्यता बेतानेच होते.

आता बुडवण्याच्या क्षणाकडे या, कारण भांड्याचे गुणदोष बहुतेक तिथेच ठरतात. चाकावरून उतरलेलं भांडं अर्धवट सुकवतात. ते हातात धरता यावं इतकं घट्ट, पण नखाचा ठसा उमटेल इतकं ओलं हवं. मग दाट ताकासारख्या पांढऱ्या लेपात बुडवून काढायचं. भांडं फार ओलं असेल तर लेपातलं पाणी पिऊन ते हातातच बसतं; मऊ पोळीसारखं. फार सुकं असेल तर अंगाचं आकसणं आधीच होऊन गेलेलं असतं, लेप मागाहून एकटाच आकसतो आणि पापुद्रा सुटतो. म्हणून बरेच कुंभार आधी आतून लेप देतात, भांडं पुन्हा सावरेपर्यंत थांबतात आणि मग बाहेरून देतात. त्यानंतर पूर्ण वाळवणं, हलकी भाजणी, झिलई आणि साधारण १,२०० ते १,२५० अंश सेल्सिअसची पक्की भाजणी. एवढं होऊनही अंगातली माती पोर्सेलिनसारखी काचेगत होत नाही. तिच्यात सूक्ष्म छिद्रं राहतात, आणि थंड होताना झिलईला केसाएवढ्या चिरा पडतात. या चिरांना 'कान्न्यू' म्हणतात. पाणी, तेल, चहा, हळद आत शिरतात ते या चिरांतून आणि बैठकीच्या उघड्या मातीतून.

दुकानात: उलटं करून बघा

भांडं हातात घेतलं की आधी उलटं करा. बैठकीच्या कडेवर झिलई नसते, तिथे खरी माती दिसते. गडद माती आणि तिच्यावर वेगळा पांढरा थर दिसला तर कोहिकी. खालची मातीही पांढरी, गुळगुळीत असेल तर बहुधा ती पांढऱ्या मॅट झिलईची 'कोहिकीसारखी' वस्तू आहे. अशी भांडी रोजच्या वापराला उत्तम, किंमतही कमी. पण त्यांच्यासाठी या लेखातले निम्मे सोपस्कार करायची गरज नाही.

बैठकीजवळ दोन-तीन ठिकाणी लेप नसलेले ठिपके दिसतील. बुडवताना कुंभाराची बोटं तिथे होती. हा दोष नाही. मी तर ते शोधून बघते. दोष शोधायचा तो काठावर. काठावरून बोट हलकेच फिरवा. लेप फुगलेला, पोकळ वाटणारा किंवा सुटू पाहणारा असेल तर ते भांडं ठेवून द्या, कारण वापरात टवका पहिल्यांदा तिथूनच उडतो. मग नखाने टिचकी मारा. पोर्सेलिनसारखा खणखणीत नाद येणार नाही, आवाज मऊच येईल. पण तो फाटका, भदभद येत असेल तर कुठेतरी तडा आहे.

विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: 'मेदोमे', म्हणजे वापरण्याआधी पिठूळ पाण्यात उकळून छिद्रं बुजवणं, करायचं का? काही कुंभार आजकाल भाजणीनंतर पाणी न धरणारा लेप देतात. तसं असेल तर उकळण्याची गरज नसते.

लेपाचीच भांडी हवीत पण सगळी पांढरी नकोत, असं असेल तर क्यूशूकडे बघा. ओइता प्रांतातल्या हिता शहराजवळ डोंगरात ओंता नावाची वाडी आहे. १७०५ पासून तिथे भट्टी चालू आहे. ओढ्याच्या पाण्यावर चालणारी लाकडी उखळं, 'काराउसु', दिवसरात्र माती कुटत असतात. पाण्याने मागचा खळगा भरला की मुसळ वर उचललं जातं, पाणी सांडलं की धाडकन खाली येतं. माती नीट बारीक व्हायला असे दोन-तीन आठवडे जातात. तिथलं काम मोजक्या घरांत पिढ्यानपिढ्या चालतं आणि भांड्यावर कुणाचं वैयक्तिक नाव नसतं, फक्त गावाचा शिक्का. ओंताची ओळख म्हणजे 'तोबिकान्ना'. पांढरा लेप दिलेली थाळी चाकावर फिरत असते आणि कुंभार लवचीक लोखंडी पातं तिला टेकवतो. पातं थरथरत उड्या मारतं आणि प्रत्येक उडीला लेपाचा बारीक टवका काढून खालची गडद माती उघडी करतं. जुन्या घड्याळाची स्प्रिंग या कामाला फार चांगली म्हणतात. १९३१ मध्ये जपानी लोककला चळवळीचे प्रवर्तक यानागी सोएत्सु इथे येऊन गेले आणि त्यांच्या लिखाणाने ही वाडी जपानभर पोचली. १९५४ मध्ये इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच इथे राहून काम करून गेले. डोंगरापलीकडे फुकुओका प्रांतात याच घराण्यातलं कोइशिवारा आहे. तोक्योतच असाल तर यानागींनी १९३६ मध्ये कोमाबा भागात उघडलेलं लोककला संग्रहालय बघा. तिथे नजर तयार करून मग खरेदीला निघालं की पैसे वाचतात.

पहिला दिवस: मेदोमे

'मे' म्हणजे डोळे, इथे अंगावरची छिद्रं. 'तोमे' म्हणजे थांबवणं. भांड्याच्या छिद्रांत पिठूळ पाणी मुरवून ती अर्धीमुर्धी बुजवायची. आपण नवा तवा तयार करतो किंवा मातीचं मडकं चुलीवर चढवण्याआधी भिजवतो, त्यातलाच प्रकार.

आधी बैठक तपासा. ती खरखरीत असेल तर टेबलावर आणि एकावर एक ठेवलेल्या भांड्यांवर ओरखडे पडतात. बारीक पॉलिश पेपर, ४०० नंबरचा किंवा त्याहून बारीक, पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा. उघड्या मातीवरच फिरवायचा, झिलईवर नाही. मग भांडं साध्या पाण्याने धुवा.

भांडं पूर्ण बुडेल असं मोठं पातेलं घ्या. तळाला जुनं सुती फडकं घाला, नाहीतर उकळताना भांडं तळावर आपटत राहतं. एकापेक्षा जास्त भांडी असतील तर मधेही फडकं हवं. आता तांदूळ धुतलेलं पाणी ओता, पहिलं किंवा दुसरं, दुधाळ असलेलं. ते पुरेसं नसेल तर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर कालवा. पाणी थंडच हवं. उकळत्या पाण्यात थंड भांडं सोडलं तर तडा जाण्याचीच जास्त शक्यता.

मंद आचेवर हळूहळू तापू द्या. बारीक बुडबुडे येऊ लागले की आच आणखी कमी करून पंधरा ते वीस मिनिटं ठेवा. खदखदू देऊ नका. मग गॅस बंद करा आणि पातेल्याला हात लावू नका.

खरं काम सुरू होतं ते इथे. गरम होताना छिद्रांतली हवा फुगून बाहेर पडलेली असते. थंड होताना आत उरलेली हवा आकसते आणि पिठूळ पाणी आत ओढलं जातं. म्हणजे मुरतं ते थंड होताना. पाणी कोमट झालं म्हणून घाईने भांडं बाहेर काढलं तर वीस मिनिटांचा गॅस फुकट. मी रात्री जेवणानंतर हे करते आणि सकाळी बाहेर काढते.

बाहेर काढल्यावर अंगावरचा बुळबुळीतपणा कोमट पाण्याने आणि मऊ स्पंजने पूर्ण घालवा, आणि भांडं पालथं घालून दोन दिवस वाळवा. दोन दिवस म्हणजे पूर्ण दोन दिवस. छिद्रांत आता पीठ आहे, आणि ओलं पीठ म्हणजे बुरशीला पंगत. याच कारणाने काही कुंभार मेदोमे करूच नका, नुसतं पाण्यात भिजवून वापरा, असं सांगतात. दोन्ही बाजू करून पाहिल्यावर माझं मत असं: तेलाहळदीच्या स्वयंपाकाला मेदोमे हवंच, फक्त भात, फळं किंवा बिनतेलाचं खाणार असाल तर नुसतं भिजवणं पुरेल.

मोठी थाळी पातेल्यात मावत नसेल तर परातीत कोमट पिठूळ पाणी घेऊन रात्रभर बुडवून ठेवा. उकळण्याइतका परिणाम होत नाही, पण काहीच न करण्यापेक्षा बरं.

रोज: आधी पाणी, मग जेवण

मेदोमे सहसा एकदाच. रोजची सवय वेगळी आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. वाढण्याआधी भांडं पाच-दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा. गरम पदार्थ असेल तर कोमट पाण्यात, म्हणजे भांडंही उबदार होतं. बाहेर काढून पुसा आणि वाढा. छिद्रांत पाणी भरलेलं असलं की रस आणि तेल शिरायला जागा उरत नाही.

पहिल्यांदा भिजवलंत की दचकाल. पांढऱ्या अंगावर करडे, गुलाबीसर ढग उमटतील. पाणी झिरपलेली जागा गडद दिसते इतकंच; वाळलं की जातात. अर्धवट भिजवलं तर मात्र ठिगळं लावल्यासारखं दिसतं, म्हणून पूर्ण बुडवा.

काय वाढायचं? सुरुवातीचे काही आठवडे सौम्य राहा: ताकभात, काकडीची कोशिंबीर, उकडलेल्या भाज्या, फळं. मग वरण, आमटी, पातळ भाजी. भिजवलेल्या भांड्यात जेवणापुरती आमटी चालते, पण उरलेली त्यातच ठेवून फ्रीजमध्ये टाकू नका. लोणच्याला हे भांडं देऊच नये: तेल, हळद, मीठ, आंबट आणि दीर्घ मुक्काम, सगळे शत्रू एकाच वेळी. भजी किंवा जपानी तेम्पुरा वाढायचं असेल तर खाली कागद घाला. जपानी घरांतही घालतात.

मायक्रोवेव्ह टाळा. अंगात मुरलेलं पाणी तापतं, भांडं पदार्थापेक्षा गरम होतं आणि कधी चिरतं. ओव्हन, गॅसची आच आणि डिशवॉशर तर नकोच.

धुणं सोपं, वाळवणं अवघड

जेवण झालं की लगेच धुवा. खरकट्या भांड्यांच्या ढिगात, साबणाच्या तेलकट पाण्यात भिजत ठेवू नका. ते पाणीही भांडं पितं आणि पुढच्या भाताला साबणाचा वास येतो. मऊ स्पंज, थोडासा साबण, भरपूर पाणी. तारेची घासणी या भांड्याच्या आसपासही ठेवू नका.

वाळवताना बैठक वर करून पालथं घाला, जाळीवर किंवा टोपलीत, काठाखालून हवा खेळेल असं. ओलावा उघड्या मातीतून बाहेर पडतो, आणि बैठकच जमिनीला टेकलेली असेल तर तो वाटेतच अडतो. वरून कोरडं दिसणारं भांडं आतून ओलं असतं. ओळखायची माझी पद्धत अशी: बैठक गालाला लावायची. गार लागली तर अजून ओल आहे.

जपानमध्ये जून-जुलैचा 'त्सुयु' पाऊस असतो आणि तिथल्या भांडेवाल्यांची निम्मी सूचनापत्रकं त्याच दिवसांसाठी लिहिलेली असतात. कोकणात आणि मुंबईत चार महिने तीच हवा. पावसाळ्यात कोहिकी बंद कपाटात ठेवू नका. उघड्या फळीवर, दोन भांड्यांमध्ये कागद घालून, आणि आठवड्यात एकदा तरी बाहेर काढून वापरून. वापरात असलेल्या भांड्याला बुरशी क्वचितच लागते.

डाग: उन्हापासून सुरुवात

आता माझ्या लाल रेघेकडे. हळदीतला रंग, कर्क्युमिन, उजेडात विरतो. तेव्हा आधी कोमट पाण्याने धुवा, भांडं ओलं असतानाच उन्हात ठेवा. दोन-तीन दिवसांत रेघ फिकट होत जाते. माझ्या वाडग्याला आठवडा लागला, आणि आज ती रेघ कुठे होती हे मलाच दाखवता येतं, दुसऱ्याला नाही. सोडा वापरायचाच असेल तर उन्हानंतर, आणि उरलेली हळद त्याने लाल झाली तर घाबरायचं नाही. विसळून पुन्हा उन्हात.

चहा-कॉफीचे डाग चिरांच्या जाळीत बसतात. पाण्यात चमचाभर सोडा घालून, थंडपासून सुरू करून दहा मिनिटं मंद उकळा. तेलाचे डागही यानेच थोडे सैल होतात, पण जुनं तेल पूर्ण निघत नाही, ते मान्य करा. त्याउपर ऑक्सिजनवाली ब्लीच पावडर कोमट पाण्यात विरघळवून अर्धा-एक तास भिजवा, मग स्वच्छ पाणी दोन-तीनदा बदलून तितकाच वेळ पुन्हा भिजवत ठेवा. क्लोरिनवाली ब्लीच टाळा, तिचा वास मातीत मुरून बसतो. एक लक्षात ठेवा: उकळलं किंवा ब्लीच केलं की मेदोमेही बरंचसं धुऊन जातं, तेव्हा ते पुन्हा करा.

काळे ठिपके दिसले किंवा मातकट, कुबट वास आला तर बुरशी. स्वच्छ पाण्यात वीस मिनिटं उकळून कडक उन्हात पूर्ण वाळवा, गरज पडली तर ब्लीच. आतपर्यंत पसरलेली असेल तर त्या भांड्यात पेन ठेवा, जेवू नका.

बाकी सगळेच डाग काढायचे असं नाही. चहाच्या वाडग्यांवर वर्षानुवर्षं झिरपून उमटलेल्या ढगांना जपानी लोक 'आमामोरी' म्हणतात, छपरातून गळलेलं पावसाचं पाणी. त्या डागांवर वाडग्याची किंमत वाढते. वरणाच्या डागाला हा मान मिळेलसं वाटत नाही, पण चहाच्या जाळीशी मी आता भांडत नाही.

टवका उडाला तर

काठाचा बारीक टवका पॉलिश पेपरने बोथट करून घ्या, म्हणजे ओठाला लागणार नाही. तिथे मात्र पाणी जास्त मुरेल, तेव्हा भिजवणं चुकवू नका. मोठा तुकडा निघाला असेल तर किन्त्सुगी, म्हणजे उरुशी या झाडाच्या चिकाने सांधून वर सोन्याची पूड. ऑनलाइन मिळणाऱ्या झटपट संचांत बहुधा इपॉक्सी असतो. ते शोभेच्या वस्तूला ठीक, ताटातल्या भांड्याला नकोत. खऱ्या उरुशीचा प्रत्येक थर दमट आणि उबदार पेटीत ठेवून घट्ट करावा लागतो, आणि सगळं काम व्हायला आठवडे, कधी महिने जातात. उरुशी आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं झाड आहे. ओला चीक अंगाला लागला तर बिब्बा उततो तसाच उततो. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच, आणि ज्यांना बिब्ब्याचा त्रास होतो त्यांनी हे काम कारागिराकडेच द्यावं.